लंबगोल चेंडू आणि एक लवंग

मार्च सरत आला की हॉलंडच्या दक्षिणेकडच्या ब्राबंटातले शेतकरी शेतात शेण ओततात. ओततात म्हणजे अक्षरशः ओततात. पातळ केलेलं, टँकर भरभरून, जमिनीत टोचत टोचत. मग दोनेक आठवडे आइंडहोवनची हवा अशी काही घमघमते की चिपयंत्रांच्या स्वच्छ खोल्यांत काम करणारे माझे सहकारी नाक मफलरमध्ये खुपसून सायकली हाणतात, आणि माझी बायको सीमा बाल्कनीतले कपडे बडबडत आत घेते. मी एकटाच असा की सायकल कडेला लावतो, डोळे मिटतो आणि छाती भरून श्वास घेतो.

"गावाची आठवण येते का रे?" सीमानं एकदा कौतुकानं विचारलं होतं.

कसलं गाव! माझा जन्म पुण्यातला, तिसऱ्या मजल्यावरचा. शेण मी निवांतपणे पाहिलं ते हॉलंडात आल्यावर. या वासानं मला आठवतं ते शहराबाहेरचं एक मैदान, गुरुवारची लांबलेली संध्याकाळ आणि दाढेखाली धरलेली एक लवंग. चार वर्षं झाली. पण शेताला शेण मिळालं की माझ्या त्या मोसमाला पुन्हा कोंब फुटतो.

आमचा क्लब म्हणजे फ्लॅग फुटबॉलचा. नाव सांगत नाही; त्यांनीही माझं नाव फारसं कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा फिटंफाट. अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घातलेले रेडे एकमेकांवर धडकताना दिसतात. आमचा खेळ त्याचा शाकाहारी चुलतभाऊ. संघात पाच जण, बायका-पुरुष एकत्र. कमरेला दोन्ही बाजूंना एकेक कापडी पट्टी लटकवायची. ज्याच्या हातात चेंडू, त्याची पट्टी ओढली की चाल संपली. ढकलाढकली नाही. चेंडू लंबगोल, सोललेल्या नारळाच्या जातीचा. आणि सगळा खेळ एकाच माणसाभोवती फिरतो, त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल त्याच्या हातात चेंडू देऊन सुरू होते. समोरून एक जण त्याची पट्टी ओढायला सुसाट निघालेला असतो. तो पोचेपर्यंत, म्हणजे चहातली साखर ढवळायला लागते तेवढ्या वेळात, आपल्यातलं कोण मोकळं आहे ते हेरायचं आणि चेंडू त्याच्याकडे फेकायचा.

मी यात पडलो तो आमच्या हाउसआर्ट्समुळे, म्हणजे फॅमिली डॉक्टरमुळे. या डॉक्टरीणबाई कुठल्याही दुखण्यावर पॅरासिटामोल देतात; मला मात्र म्हणाल्या, "तुम्ही हलत जा." मी हलायला गेलो, पहिल्याच संध्याकाळी मांडीचा स्नायू धरला, आणि बाकावर बसल्या बसल्या समोरचा खेळ लॅपटॉपवर तक्त्यात भरायला लागलो. सॉफ्टवेअरवाल्याला रिकामं बसवू नये. पुढच्या गुरुवारी बासनं, म्हणजे आमच्या सहा फूट चार इंचांच्या पोस्टमननं, तो तक्ता सगळ्यांना दाखवला आणि मी आक्रमणाचा नियोजक झालो. चेंडू हातात न घेता या खेळात इतक्या वर चढलेला माझ्या माहितीत दुसरा कुणी नाही.

त्या नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आमचा क्वार्टरबॅक रूबेन नोकरी बदलून देशाच्या पार उत्तर टोकाला निघून गेला. दोनच दिवसांनी मैदानाचा कारभार पाहणाऱ्या योसनं मला कॅन्टीनमध्ये बसवलं. सत्तरीचा माणूस, हातांवर चुन्याच्या रेघा, कमरेला किल्ल्यांचा घोस.

"पुरू, मी सरळ सांगतो," तो म्हणाला. डच माणूस 'सरळ सांगतो' म्हणाला की आधी खुर्ची घट्ट धरावी. "मागच्या मोसमात तुम्ही एकही सामना जिंकला नाहीत. त्याच्या आधीच्याही नाही. गुरुवारचं मैदान मागणाऱ्यांची यादी माझ्याकडे पडून आहे. या वेळी सहांतला एक जिंका. एकच. नाही तर जूननंतर गुरुवार दुसऱ्यांचा."

हे त्यानं मला कॉफी ओतता ओतता सांगितलं. बिस्किटही दिलं, एक.

आता कुणी म्हणेल, गेला गुरुवार तर गेला, बुधवारी पोहायला जा. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण खरं सांगायचं तर ऑफिसात मी सात वर्षं 'पी. डी.' होतो. पुरुषोत्तम हे नाव त्यांना पेलत नव्हतं, आणि पी. डी. नसला तरी बैठक वेळेवर सुरू होत होती. शेजारी हात हलवायचे, मीही हलवायचो, असे आम्ही सात वर्षं एकमेकांना हात हलवत होतो. या आख्ख्या देशात एकच जागा अशी होती, की मी सायकलला कुलूप लावत असताना लांबून कुणीतरी ओरडायचं, "पुरू! कुठे आहेस? आम्ही थांबलोय!" एवढ्या एका हाकेवर मी आठवडा काढत होतो. ती हाक जाणार होती. ती वाचवायला एक विजय हवा होता, विजयाला एक क्वार्टरबॅक हवा होता, आणि क्वार्टरबॅक काही सुपरमार्केटात मिळत नाही.

तो मिळाला संक्रांतीच्या कार्यक्रमात.

आपल्या मंडळींचा हळदीकुंकू-तिळगुळाचा समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. वरच्या गॅलरीत माइकवाला उपाशी राहिला होता. "अगं, त्याला लाडू पाठवा कुणीतरी," असं कुणीतरी म्हणेपर्यंत माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी वाकली, लाडवांची बांधलेली पिशवी उचलली आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला, सगळ्या पैठण्यांवरून, झुंबराखालून, सरळ त्याच्या छातीत नेऊन बसवली. त्यानं ती झेलली नाही; ती त्याच्या हातात येऊन थांबली. मुलगी तोपर्यंत पुन्हा कुणाशी तरी बोलायलाही लागली होती. मी हातातलं वाण तसंच टाकून तिच्याकडे धावलो.

मृण्मयी. साताऱ्याची. कॉलेजात हँडबॉल खेळलेली, आता टिलबर्गला पीएचडी करणारी. वय सत्तावीस. अमेरिकन फुटबॉलबद्दल तिला माहिती होती ती एवढीच की, तो अमेरिकेत खेळतात.

"पण मला त्यातलं काहीच येत नाही, काका."

'काका' या शब्दानं मला मांडीच्या स्नायूपेक्षा जास्त दुखलं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. "दादा म्हण," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट, संशोधकाच्या नजरेनं पाहिलं. "नाही हो. काकाच," ती म्हणाली. पण हो म्हणाली. तिनं दिलेला तिळगूळ मी गोड बोलण्याचं वचन देऊन खाल्ला. ते वचन मी पुढे कसं पाळलं, त्याचीच ही गोष्ट.

नवशिक्या क्वार्टरबॅकभोवती आक्रमण कसं रचायचं? जगभरचे शहाणे सांगतात, आधी तो माणूस बघा. त्याला काय सहज जमतं ते बघा आणि तेवढंच मागा. मी हे सगळं वाचलं, अधोरेखित केलं, आणि मग माझ्यातला पुणेरी दहावीचा पालक जागा झाला. मी बेचाळीस चालींची फाइल तयार केली. प्रत्येक पानावर आकृती, चार रंगांचे बाण, खाली 'वारंवार होणाऱ्या चुका'. शेवटी सराव प्रश्न. शनिवारी मी आइंडहोवनहून ट्रेननं टिलबर्गला जायचो आणि विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये तिची तोंडी घ्यायचो.

"चाल क्रमांक एकोणतीस. समोरचे दोघं मागे सरले तर?"

"उजवीकडे."

"कोण उजवीकडे?"

"काका, माझी गाइडसुद्धा मला एवढं विचारत नाही."

"म्हणूनच तुझं पाचवं वर्ष चालू आहे," मी म्हणालो. विनोद म्हणून म्हणालो. ती हसली नाही. फाइलचं पान उलटलं आणि म्हणाली, "विचारा, तिसावी विचारा."

एकदाही मी तिला मैदानावर नेऊन म्हटलं नाही, की बाई, तू नुसती फेक, मी बघतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहिला सामना झाला. हॉलंडातलं वारं कुठून येतं हे विचारू नये. ते सगळीकडून येतं. मृण्मयीच्या हातात चेंडू आला आणि बेचाळीसच्या बेचाळीस चाली एकाच दरवाजातून बाहेर पडायला लागल्या. ती तशीच उभी. चेहरा असा, की परीक्षेत पेपर हातात आल्यावर दुसऱ्याच विषयाचा निघावा. समोरून आलेल्या बाईनं तिची पट्टी ओढली, आणि वर तिच्या पाठीवर सहानुभूतीनं थोपटलं. अडतीस-शून्य. परतताना ट्रेनच्या खिडकीबाहेर पिवळी फुलं वाऱ्यानं लोटांगण घालत होती. मला ती आमच्या संघासारखी दिसत होती.

पाच उरले.

निराश माणसाला सुचणाऱ्या कल्पना फार लखलखीत असतात. मला सुचलं की फाइल फेकून द्यायची. सातच चाली ठेवायच्या आणि त्यांना मराठी नावं द्यायची! म्हणजे मी बाहेरून बिनधास्त ओरडून सांगणार, मृण्मयी बाकीच्या चौघांना बोटांच्या खुणेनं कळवणार, आणि समोरच्यांना ओ की ठो कळणार नाही. 'पापड' म्हणजे जवळचा पास. क्षणभर उशीर झाला की करपला. 'वरण' म्हणजे साधं, बिनधोक, थोडंसंच पुढे. 'जावई' ही माझी लाडकी. सगळ्यांनी मिळून उजवीकडे एकाचा मानपान करायचा, बास तिकडे हात उंचावून धावणार, आणि चेंडू गुपचूप डावीकडे.

आणि जमलं की हो! दुसऱ्या सामन्यात मी रेषेबाहेरून "जावई! जावई आला!" म्हणून किंचाळलो, समोरचा आख्खा संघ बासच्या मागे गेला, आणि डावीकडून आमचा पहिला टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे आणि सहा गुण. सीमा शेजारी लोकरीची टोपी घालून उभी होती. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी ऐकलं तर तुला पुन्हा घरात घेणार नाहीत." आम्ही हरलो, पण बारा गुण करून हरलो. तिसऱ्यात सातानंच हरलो. योस कॅन्टीनच्या दारात उभं राहून बघत होता. त्यानं भुवया किंचित उचलल्या. त्या भुवयांवर मी पंधरा दिवस जगलो.

आपल्या लोकांची ही एक खोड आहे. परदेशात आलो की आपल्याला वाटतं, आपली भाषा म्हणजे आपल्याभोवती ओढलेला पडदा. बसमध्ये समोरच्याच्या टकलावर चर्चा करावी, लिफ्टमध्ये कुणाच्या तरी अत्तराला नावं ठेवावीत, भाजीवाल्यासमोर त्याच्याच भावाची निंदा करावी. पडद्याच्या आत आपण मोकळे. पडदा आपल्यालाच दिसतो, हे ध्यानात येत नाही.

चौथा सामना आम्स्टरडॅमकडच्या एका संघाशी होता. स्लोटरडाइकला गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, मैदानावर टिटव्या ओरडत होत्या. इथली टिटवी डोक्यावर तुरा मिरवते, पण ओरडते आपल्यासारखीच, काहीतरी बिनसल्यासारखी. मी "पापड!" म्हटलं, समोरचे दोघं पुढे धावले आणि पास मधल्यामध्ये पकडला. मी "जावई!" म्हटलं, बासकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, सगळे डावीकडे. पुन्हा पकडला. तिसऱ्यांदा मृण्मयीनं चेंडू सरळ त्यांच्या माणसाच्या हातात दिला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सीमाकडे वळलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "बघितलंस? हिच्या जागी घरचं कपाट आणून उभं केलं असतं तरी चाललं असतं. निदान त्यानं चेंडू दुसऱ्याला दिला नसता!"

सीमा माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. माझ्यामागे, चार हातांवर, मृण्मयी पाण्याची बाटली उचलत होती.

मैदानावर असलेल्या तीस-चाळीस माणसांत माझं मराठी कुणापर्यंत पोचायला नको होतं, तर ते तिच्यापर्यंत. आणि ती तर पडद्याच्या आतच उभी होती, पहिल्या दिवसापासून.

सामना संपल्यावर समोरच्या बाकाजवळच्या घडीच्या खुर्चीतून एक आजी उठल्या. साडीवर स्वेटर, पायांत नातवाचे असावेत असे पांढरेशुभ्र बूट. हळूहळू माझ्याकडे चालत आल्या.

"तीन महिन्यांसाठी आलेय लेकीकडे. डोंबिवलीची मी," त्या म्हणाल्या. "कित्ती दिवसांनी इतकं स्पष्ट मराठी ऐकलं हो! आवाज चांगला लागतो तुमचा. नातू खेळतो ना आमचा, तो विचारायचा, आजी, तो माणूस आता काय म्हणतोय? मी सांगायची, पापड म्हणतोय. त्याला मराठी कळतं सगळं, उत्तर तेवढं डचमध्ये देतो." मग माझ्या दंडाला हात लावून आवाज खाली आणला. "बाकी पोरीला कपाट म्हणायला नको होतं. बरं खेळते ती."

मृण्मयी आमच्याबरोबर ट्रेनमध्ये बसली नाही. पुढच्या गुरुवारी आली नाही, पाचव्या सामन्यालाही नाही. चेंडू बासनं फेकला. बास पत्रं जितकी अचूक टाकतो, तितकेच पास भलत्या दारी टाकतो. पंचेचाळीस-सहा. योसनं या वेळी भुवया उचलल्या नाहीत.

एकच उरला.

मी तिला रोज मेसेज लिहायचो आणि पुसायचो. शेवटी सीमा म्हणाली, "अरे, तिला ते बोलूनच ऐकवलंस ना? मग माफीही बोलून माग." शनिवारी मी टिलबर्गला गेलो. ट्रेनमध्ये माफीचे चार मुद्दे काढले होते. मी माफीचीही फाइल करू शकतो. कॅन्टीनमध्ये तिनं यंत्रातून दोन कॉफ्या आणल्या. मी पहिला मुद्दा सुरू करणार, तेवढ्यात तिनं विचारलं,

"काका, बासनं सोपा झेल सोडला की तुम्ही काय म्हणता?"

"नाइस ट्राय, बास."

"आणि मी चुकले की?"

मी कॉफीत नसलेली साखर ढवळू लागलो.

"बाकी चौघांशी तुम्ही इंग्लिशमध्ये बोलता. सॉरी, थँक यू, नो प्रॉब्लेम. मी पाचवी. मला मराठीत."

"अगं, ते तू आपली आहेस म्हणून. आपल्या माणसाशी कसं, मनात येईल ते..."

"मग मला जरा परकी समजा ना," ती म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. "फार नाही. उरलेल्या सामन्यांपुरती."

"एकच उरलाय."

"मग एका सामन्यापुरती."

त्या टेबलावर मला माझे वडील आठवले. शेजारच्या मुलाला साठ टक्के मिळाले की पेढा घेऊन जाणारे, आणि माझ्या ब्याऐंशींवर "अठरा कुठे गेले?" विचारणारे. आपला म्हणून. तेव्हा मी ठरवलं होतं की आपण असं कधी करायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे आपण तसे नाही असं मी सहज मानून चाललो होतो. संधी मिळायचा अवकाश होता.

"येईन मी," मृण्मयी उठता उठता म्हणाली. "पण चाली मी ठरवणार. तीनच. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मराठी नाही, इंग्लिश नाही." मग तिनं पर्समधून एक छोटी डबी काढली आणि माझ्या तळहातावर एक लवंग ठेवली. "आमच्या आजोबांना असंच होतं, मध्ये मध्ये बोलायची सवय. कीर्तनाला बसले की आजी त्यांना दाढेखाली लवंग धरायला लावायची. चावायची नाही. ती सांभाळण्यात तोंड गुंतलेलं राहतं."

मेच्या शेवटी ब्राबंटात पॉप्लरची झाडं कापूस सोडतात. आपल्या सावरीसारखाच, पण इतका, की रस्त्याच्या कडा पांढऱ्या होतात आणि हवेत सगळं संथ झाल्यासारखं वाटतं. सहावा सामना त्या कापसात झाला, आमच्याच मैदानावर. मी रेषेबाहेर लवंग धरून उभा. सीमानं माझी बाही पकडून ठेवलेली. कॅन्टीनच्या पायरीवर योस.

आणि मी पहिल्यांदा मृण्मयीचा खेळ पाहिला. चार महिने मी माझे बाण पाहत होतो, तिला नव्हे. ती चेंडू फेकायच्या आधी डाव्या पायावर किंचित उडी घेते, हँडबॉलवाल्यांसारखी, आणि उडीच्या वरच्या टोकाला, हवेत असताना, तिला सगळं दिसतं. माझ्या फाइलमध्ये मी लाल रंगात लिहिलं होतं: दोन्ही पाय जमिनीवर. तिनं तीनच चाली खेळल्या. त्या तिन्ही त्या उडीच्या. सहा. बारा. मध्यंतरानंतर अठरा. समोरच्यांचे वीस. माझ्या तोंडात लवंग बधिर झाली होती, की जीभ, ते कळत नव्हतं.

शेवटची चाल. शेवटच्या रेषेपासून पाच पावलांवर आम्ही. चेंडू पलीकडे गेला तर गुरुवार राहिला. चेंडू मृण्मयीच्या हातात आला. समोरून त्यांचा माणूस सुटला. आणि मला दिसलं: डाव्या कोपऱ्यात बास, एकटा, झाडासारखा मोकळा, दोन्ही हात वर. मृण्मयीचं तोंड अजून उजवीकडे होतं. तिला दिसला नाही, तिला दिसला नाही, असं माझ्या डोक्यात घंटेसारखं वाजायला लागलं आणि दाढेखाली काहीतरी कडकन फुटलं.

"मृण्मयी! डावीकडे! बास!"

तिनं मान वळवली. बासकडे नाही, माझ्याकडे. हाक मारली की माणूस जसा बघतो, तशी. तेवढ्यात समोरच्यानं तिची पट्टी ओढली.

शिट्टी वाजली. समोरचे नाचत होते. कापूस उडत होता. माझं तोंड लवंगेनं पेटलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. लवंगेनं, असं मी सीमाला सांगितलं. मृण्मयी चालत आली. केसांत पांढरे पुंजके. माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"मी तिकडेच टाकणार होते, काका."

बाकी काही नाही. कपाट नाही, फाइल नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या.

योसनं पाटीवरून आमचं नाव काढताना माझ्याकडे पाहिलं. "यामर, पुरू," म्हणाला. वाईट झालं, एवढाच त्याचा अर्थ. गुरुवार आठ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉलला गेला. आजही मी त्या बाजूनं सायकलवर जातो. ती मुलं चेंडूमागे थव्यानं धावत असतात आणि रेषेबाहेरचे बाप ओरडत असतात, डचमध्ये, आपापल्या मुलांवर. एखाद्याच्या हातात लवंग ठेवावी असं मला वाटतं. पण अनोळखी माणसाला लवंग कशी द्यायची?

संघ पांगला. बास कधीतरी पत्र टाकताना भेटतो, घाईत असतो. मृण्मयीनं पीएचडी संपवली, टिलबर्गलाच नोकरी धरली, तिथल्या क्लबात खेळायला लागली. दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी उत्तर देतो, थोडं परक्यासारखं, जपून. ही परकी वागणूक तिनं मागितली होती ती एका सामन्यापुरती. मी चार वर्षं देत बसलोय.

परवा शेणाचा वास सुटला. मी सायकल कडेला लावून डोळे मिटले होते, आणि फोन वाजला.

"काका, या मोसमात आक्रमणाचं नियोजन माझ्याकडे आलंय. क्वार्टरबॅक नवा आहे. पस्तिशीचा शाळामास्तर, चेंडू छान टाकतो, पण पार घाबरलेला. तुमची ती बेचाळीस चालींची फाइल आहे का हो?"

"कशाला?"

"काय करायचं नाही ते एकत्र मिळेल."

"पाठवतो," मी म्हणालो. ती पलीकडे फोन ठेवेना.

"काल मी त्याच्यावर ओरडले," ती मग म्हणाली. "मराठीत."

"त्याला काय कळणार?"

"शब्द नाही कळले. बाकी सगळं कळलं. तोंड एवढंसं झालं त्याचं." मग तिनं विचारलं, "काका, ती लवंग तुम्ही किती वेळ धरली होती?"

थाप मारता आली असती. पण ती मैदानावर होती. "चाळीस मिनिटांचा सामना," मी म्हणालो. "एकोणचाळीस मिनिटं धरली."

"म्हणजे बराच वेळ जमतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग एकदम तिचा जुना आवाज आला. "आमचा सराव गुरुवारी असतो. सातला. सीमाकाकूंना घेऊन या. उशीर करू नका, आम्ही थांबतो."

"आणि लवंग आणू?"

"दोन आणा," मृण्मयी म्हणाली. "एक मला."